शिष्यवृत्तीचा करार आणि कर्जाचा तगादा
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा जमाखर्च

विशेष प्रतिनिधी
महागाव (जि. यवतमाळ)

‘नीट’चा निकाल लागला की कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या महागाव तालुक्यातील अनेक घरांत हिशेबाची वही उघडली जाते. मुलाला किंवा मुलीला दंतवैद्य व्हायचे असते. शासकीय दंत महाविद्यालय नागपूरला, आणि तेथील जागा मोजक्या. तेथे क्रमांक लागला नाही, तर खासगी महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागतो आणि त्याचे शुल्क लाखांत असते. चार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता, वसतिगृह, खानावळ, उपकरणांचा संच. ठरावीक रकमेच्या पुढे बँक तारण मागते आणि तारण म्हणून दाखवायला शेतीशिवाय दुसरे काही नसते. पदवी हाती आल्यावर स्वतःचा दवाखाना थाटायचा, तर उपचाराची खुर्ची आणि क्ष-किरण यंत्र यांसाठी पुन्हा कर्ज. पहिल्या कर्जाचे व्याज मात्र शिकत असतानाच चढू लागलेले असते.

शिक्षणासाठी असे ओझे उचलण्याची वेळ महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्यावर शंभर वर्षांपूर्वी आली होती. पुढे तो देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या विद्वत्तेसाठी पैसा कोठून आला, कोणत्या अटींवर आला आणि तो फेडताना काय घडले, याची हकिगत मात्र क्वचितच सलगपणे सांगितली जाते.

बहिणींचे दागिने

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळ यांचे शेवटचे अपत्य. रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांचे बिऱ्हाड दापोली आणि साताऱ्याहून फिरत मुंबईला परळच्या चाळीतील एका खोलीत आले. घरखर्च चालत होता तो प्रामुख्याने निवृत्तिवेतनावर. मुलाला पुस्तकांची भूक दांडगी आणि वडिलांचा हात आखडता घेण्याचा स्वभाव नव्हता. पुस्तकासाठी पैसे नसले, की रामजी आपल्या विवाहित मुलींच्या घरी जात. तेथेही रोकड नसली, तर मुलीचा दागिना मागून घेत आणि तो मारवाड्याकडे गहाण ठेवून पुस्तक आणत. निवृत्तिवेतन हाती पडले, की दागिना सोडवून मुलीला परत नेऊन देत. भीमरावांच्या शिक्षणातील पहिले कर्ज ते हेच. त्याचे तारण बहिणींच्या अंगावरचे होते.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. या यशाबद्दल झालेल्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाविद्यालयाचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा हेच केळुसकर मदतीला धावले. त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि भीमरावांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. प्रा. म्युलर यांनी आपली पुस्तके त्यांना वाचायला दिली, कपडेही दिले. अशा अनेकांच्या हातभारावर भीमराव बी. ए. झाले.

दहा वर्षांची अट

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवण्याचे ठरवले आणि त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारनाम्यावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि तो संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करायची, अशी अट होती. नाव शिष्यवृत्तीचे असले, तरी तिची परतफेड नोकरीच्या रूपाने करायची होती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मिळणाऱ्या रकमेतूनच काही पैसे घरी रमाबाईंना पाठवावे लागत. उरलेल्या पैशांत राहणे, जेवण आणि पुस्तके भागवायची. त्यांनी पोटाला चिमटा घेतला, पण जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. १९१५ साली एम. ए. झाले, पाठोपाठ डॉक्टरेटचा प्रबंधही सादर केला. १९१६ च्या मध्यावर ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव नोंदवले. बडोद्याने मुदत एका वर्षाने वाढवली, पण त्यापुढे नाही. अभ्यास अर्धवट सोडून १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला परतले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा तेवढी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती.

बडोद्यात खोली मिळाली नाही

करार पाळण्यासाठी बडोद्याला जायचे, तर प्रवासखर्चालाही पैसे नव्हते. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे सामान घेऊन येणारी बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली होती. त्या सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तिचा काही भाग घरी ठेवून उरलेल्या पैशांत त्यांनी बडोदा गाठले. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमले. पुढे अर्थमंत्रिपदासाठी त्यांना तयार करावे, असा विचार होता.

परदेशातील दोन नामांकित विद्यापीठांत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा कोणी देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहू लागले. कचेरीत शिपाई त्यांच्या हाती कागद न देता दुरून टेबलावर फेकत. प्यायला पाणीही मिळेना. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव धर्मशाळेत आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. ओळखीच्या ठिकाणी आसरा मागितला, तोही मिळाला नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी एका बागेत वेळ काढला आणि मुंबईचा रस्ता धरला.

अशा रीतीने दहा वर्षांच्या सेवेचा करार थोडक्या दिवसांत मोडला. सेवा घडली नाही, तेव्हा शिक्षणावर झालेला खर्च परत करा, अशी मागणी संस्थानकडून होऊ लागली. सही भीमरावांची होती, म्हणून देणेही त्यांच्या नावावर चढले. ज्यांनी त्यांना राहू दिले नाही, त्यांच्या नावावर काहीच चढले नाही.

रुपया घसरला

मुंबईत शिकवण्या, शेअर व्यवहारांविषयी सल्ला, असे उद्योग करून पाहिल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती, पण बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले. रमाबाई काटकसरीने संसार चालवत आणि बाकीचे पैसे लंडनसाठी बाजूला पडत. ठेवलेली बचत, कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांची मदत आणि कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५ हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

या वेळी घाला आला तो विनिमय दराचा. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत होते. वर्षभरात हा भाव दीड शिलिंगाच्याही खाली गेला. रुपयांत साठवलेली पुंजी पौंडांत आटली. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. निम्मी रक्कम कायद्याच्या शिक्षणाच्या शुल्कासाठी आणि निम्मी परतीच्या प्रवासासाठी हवी होती. घसरत्या रुपयाची झळ सोसणारा हा विद्यार्थी त्याच काळात रुपयाच्याच प्रश्नावर प्रबंध लिहीत होता. या प्रबंधावर लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एससी. ही पदवी दिली आणि १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

बॅरिस्टर होऊन १९२३ च्या एप्रिलमध्ये ते परतले, तेव्हा वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. तेही नवल भथेना यांनी दिले. कोलंबियाच्या डॉक्टरेटचे तर आणखी लांबले. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर केल्याशिवाय पदवी मिळत नसे. ग्रंथ छापला गेला १९२५ मध्ये आणि पदवी मिळाली १९२७ मध्ये.

हा ग्रंथ बाबासाहेबांनी सयाजीराव गायकवाड यांना अर्पण केला. आपल्या शिक्षणाला महाराजांनी केलेल्या साहाय्याबद्दलची कृतज्ञता त्यांनी अर्पणपत्रिकेत नमूद केली. संस्थानच्या पैशाचा तगादा तेव्हा मिटलेला नव्हता. उपकार आणि वसुली या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. अनेक वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर बडोदा दरबाराने ही रक्कम अखेर सोडून दिली.

या सगळ्या खर्चाचा एक भाग कोणत्याच वहीत सापडत नाही. तो रमाबाईंनी भरला. पती परदेशी असताना त्यांनी हलाखीत दिवस काढले. या दांपत्याची चार अपत्ये बालपणीच दगावली. २७ मे १९३५ रोजी रमाबाईही गेल्या.

कर्ज नव्हे, हक्क

आपल्याला जे सोसावे लागले, ते पुढच्या मुलांना सोसावे लागू नये, हा धागा बाबासाहेबांच्या पुढील कार्यात स्पष्ट दिसतो. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेतर्फे सोलापूरला वसतिगृह निघाले. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन त्यांनी सरकारपुढे ठेवले. त्यातून या समाजाच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरवर्षी तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि काही विद्यार्थी परदेशीही जाऊ शकले. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. सेवेची हमी नाही, तारण नाही, परतफेड नाही, असा हा पैसा होता.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथील वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्याला कर्ज न काढता शिकता यावे. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, या संस्थेचे महाविद्यालय निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले आणि मराठवाड्यातील गरीब घरांतील मुलांना पदवीचा दरवाजा उघडला. महागावहून पैनगंगा ओलांडली, की मराठवाडा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आज महाराष्ट्र शासनाच्या अनेक योजनांना या हकिगतीतील माणसांची नावे आहेत. शिक्षण शुल्क आणि परदेशी शिक्षणाच्या योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना बाबासाहेबांच्या नावाने आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले आहे. तरीही व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणारा किंवा उत्पन्नाची मर्यादा थोडक्यात ओलांडणारा विद्यार्थी या चौकटीबाहेर राहतो आणि बँकेच्या दारात उभा राहतो.

कर्जाच्या अर्जावर सही विद्यार्थ्याची असते. पदवीनंतर त्याला काम मिळेल का, त्याच्या दवाखान्यात रुग्ण येतील का, हे त्याच्या एकट्याच्या हाती नसते. बडोद्याला १९१७ मध्ये जे घडले, त्याचा अर्थ एवढाच. विद्यार्थ्याने आपला शब्द पाळला होता. तो शिकला होता आणि कामावर हजरही झाला होता. उरलेला अर्धा करार समाजाने पाळायचा होता.