विजयदुर्गावरील सूर्यवेधी : सर नॉर्मन लॉकियर

विजयदुर्ग म्हटला की कान्होजी आंग्र्यांचे आरमार आठवते. देवगड तालुक्यातील याच किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरेही आहेत. हा साहेब म्हणजे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात त्यांनी येथूनच हेलियम शोधला, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले सुमारे तीस वर्षांनी. आणि ती हकिकत दंतकथेइतकीच रंजक आहे.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी रग्बी येथे झाला. युद्ध खात्यात कारकुनी करीत असतानाच त्यांना आकाशनिरीक्षणाचा छंद जडला. सूर्याच्या कडेवरील तेजस्वी ज्वाळा त्या काळी केवळ खग्रास ग्रहणातच दिसत. एरवी वातावरणात विखुरलेल्या प्रकाशात त्या बुडून जात. लॉकियर यांनी यावर युक्ती योजली. प्रकाश अनेक लोलकांतून नेला, तर विखुरलेला पांढरा प्रकाश पसरून फिका पडेल. ज्वाळांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांत एकवटलेला असल्याने ठळक राहील. उपकरण तयार होण्यास विलंब झाला. अखेर २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्यांना त्या रेषा दिसल्या. ऑगस्टच्या ग्रहणासाठी गुंटूरला आलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनाही हीच पद्धत स्वतंत्रपणे साधली होती. दोघांचे वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले. पुढे फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले.

त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या रेषांजवळ असूनही त्यांच्याशी जुळत नव्हती. हे नवे मूलद्रव्य असावे, असे मानून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेलियम’ म्हटले गेले. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ते मानले नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजातून तोच वायू मिळाला आणि लॉकियर यांची सत्तावीस वर्षांची प्रतीक्षा संपली. दरम्यान, १८६९ मध्ये त्यांनी ‘नेचर’ हे नियतकालिक सुरू केले व पन्नास वर्षे त्याचे संपादन केले.

ग्रहणांचा पाठलाग मात्र सुटला नाही. १८७१ मध्ये ते केरळातील बेकल किल्ल्यावर येऊन गेले. १८९६ मध्ये नॉर्वेत ढगांनी सारे श्रम वाया घालविले. त्यानंतर २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी त्यांनी विजयदुर्ग निवडला. याच ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला होता.

खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लोलक बसविलेला असे. ग्रहणात उरलेली सूर्याची बारीक कोर हीच प्रकाशाची फट बनून प्रत्येक रंगरेषा कमानीच्या आकारात काचेवर उमटे. लोलकाचा कोन, भिंगाची जुळणी, प्रत्येक काच किती सेकंद उघडी ठेवायची, हे सारे आधीच ठरविणे भाग होते. चूक सुधारण्यास दुसरी संधी नव्हती. ‘मेलपोमिनी’ युद्धनौकेवरील खलाशांकडून या कामाची पुन:पुन्हा तालीम करून घेण्यात आली. आकाश निरभ्र राहिले आणि मोहीम फळली. आज इलेक्ट्रॉनिक जुळणीच्या यंत्रावरील कॅमेराही सूक्ष्म सुटा भाग अचूक टिपतो तो असाच, नको तो प्रकाश दूर सारून आणि हवा तो नेमक्या कोनातून घेऊन. फरक इतकाच, की त्या यंत्राला क्षणोक्षणी नवी संधी मिळते.

निवृत्तीनंतर लॉकियर यांनी सिडमथजवळ नवी वेधशाळा उभारली. तेथेच १६ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले. अलीकडे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होऊ लागला आहे. तो अवश्य व्हावा; पण त्या दिवशी मुलांना खरी तारीख आणि खरे स्थळही सांगावे. विजयदुर्गाला उसन्या श्रेयाची गरज नाही. १८९८ ची ती दोन मिनिटे त्याची स्वत:ची आहेत.