कॅरोलिनची नावे

कादंबरी लिहिताना मला सर्वांत जास्त छळतात ती पात्रांची नावे. कथानक सुचते, नाव सुचत नाही. म्हणूनच विल्यम एल्फर्ड लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाची हकिगत वाचली आणि हा माणूस मनात घर करून बसला.

लीच १७९१ साली प्लिमथ या बंदराच्या गावी जन्मला. वडील वकील. मुलगा डॉक्टर झाला खरा, पण जीव रमला तो समुद्रातल्या किड्यांत. १८१३ साली तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागला. हॅन्स स्लोनच्या जुन्या संग्रहातले सडके नमुने त्याने बागेत चक्क जाळून टाकले! (कुठल्याही कचेरीत असा एक माणूस हवा, असे माझ्यातल्या बँकवाल्याला वाटून गेले.) पंचविसाव्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

कुंडी उचलली की खाली करड्या रंगाचे, पुष्कळ पायांचे किडे पळतात, ते पाहिलेत ना? त्यांचे भाऊबंद समुद्रात आहेत. शास्त्रज्ञ त्यांना आयसोपॉड म्हणतात. अंग चपटे, पायांच्या सात जोड्या. लिनिअसने यांतले बरेचसे ‘ओनिस्कस’ या एकाच पोत्यात भरले होते. लीचने पाय निरखले. काहींचे पाय चालण्याचे. ते मोकळे पोहतात, मेलेले मासे खातात. काहींच्या पुढच्या तीन जोड्यांना आकडे, मागच्या चार चालण्याच्या. काहींच्या तर सातही जोड्या आकड्यांच्या. ते माशाला चिकटले की चिकटले. पाय पाहावेत आणि पोट कसे भरते ते ओळखावे! या फरकांवर त्याने नव्या प्रजाती उभ्या केल्या आणि १८१८ साली एका फ्रेंच कोशात त्या छापून आल्या.

नावे अशी: सिरोलाना, कोनिलेरा, रोसिनेला, नेरोसिला, अनिलोक्रा, ओलेन्सिरा. रोमन लिपीत लिहून अक्षरे हलवून पाहा. प्रत्येक नावातून कॅरोलिन किंवा कॅरोलिना निघते! ही कोण, ते लीचने सांगून ठेवले नाही. माझ्या मते चांगलेच केले. आणखी एक नाव होते लिरोनेका. छपाईत त्यातल्या ‘आर’चा ‘व्ही’ झाला आणि ते लिव्होनेका बनले. आधी छापलेले नाव ग्राह्य, हा नामकरणाचा नियम. त्यामुळे चूकच कायम झाली. आमच्याकडे चेकवर अक्षर चुकले तर तो परत जायचा. इथे चुकलेलाच वटला.

पण कामाचा बोजा अंगावर आला. १८२१ साली लीचचे मन कोलमडले. पुढच्या वर्षी त्याने नोकरी सोडली. ब्रिटनच्या खेकड्या-शेवंडांवरचा त्याचा मोठा ग्रंथ अर्धाच राहिला. बहीण त्याला युरोपात घेऊन गेली. १८३६च्या ऑगस्टमध्ये, इटलीतल्या सान सेबास्तियानो गावी, पटकीने तो गेला. वय अवघे पंचेचाळीस.

त्याची ती नावे मात्र आजही चालू आहेत. नेरोसिला तर आपल्याही किनाऱ्यावरच्या माशांवर सापडतो. कोळीण मासा साफ करताना पराजवळ चिकटलेला तो किडा नखाने उपटते आणि बाजूला टाकते.