जर्मनच्या पत्र्याचे विमान : डॉ. विष्णू माधव घाटगे

दारव्ह्याच्या बाजारात जर्मनच्या पातेल्याची कडी तुटली तर लोक ते फेकून देत नाहीत. कारागिराकडे नेतात. तो पातेल्याला भोक पाडतो, त्यात एक जाडसर खिळा घालतो, आतून लोखंडाचा ठोकळा लावतो आणि बाहेरून हातोडीने खिळ्याचे तोंड चपटे करतो. कडी पुन्हा घट्ट बसते. या खिळ्याला रिव्हेट म्हणतात. धातूचे लहान विमान बांधण्याची आणि दुरुस्त करण्याची मूळ क्रिया हीच आहे. फरक एवढाच, की पातेल्याचा रिव्हेट निसटला तर भाजी सांडते आणि विमानाचा निसटला तर माणूस जातो.

भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले पहिले विमान अशाच हजारो रिव्हेटांनी जोडलेले होते. त्याचे नाव एचटी-२. ते आखणाऱ्या चमूचे प्रमुख होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लहान खेड्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटग्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी हसूरचंपू या गावी झाला. राइट बंधूंनी पहिले उड्डाण करून तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांचे शिक्षण झाले. गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांत गती असलेल्या तरुणाने प्राध्यापक व्हावे, हा त्या काळचा सरळ रस्ता होता. घाटगे मात्र जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात गेले.

गॉटिंगेनला तेव्हा लुडविग प्रांटल शिकवत होते. वाहत्या हवेचा अभ्यास आज ज्या पायावर उभा आहे, तो बराचसा प्रांटल यांनी घातलेला आहे. १९०४ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की पंखावरून हवा वाहते तेव्हा पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक अगदी पातळ थर असतो आणि पंख हवेला किती अडेल, हवा पंखाला केव्हा सोडून देईल, हे त्या थरावर ठरते. रक्तवाहिनीतही असेच घडते. भिंतीलगतचे रक्त जवळजवळ थांबलेले असते आणि मधले वेगाने जाते. घाटग्यांनी प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

ते परतले तेव्हा देशात विमानाचा कारखानाच नव्हता. चार वर्षांनी, डिसेंबर १९४० मध्ये, सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभा केला. घाटगे तिथे दाखल झाले. कारखान्यातून बाहेर पडलेली सुरुवातीची विमाने परदेशी आराखड्यांवरची होती. हार्लो हे दोन आसनांचे, संपूर्ण धातूचे शिकाऊ विमान १९४१ मध्ये उडाले, आणि त्यानंतर कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. घाटग्यांनी याच काळात दहा माणसे बसतील असे एक इंजिनाविना उडणारे ग्लायडर आखले. कारखान्याचा स्वतःचा असा तो पहिला आराखडा. एकच ग्लायडर तयार झाले.

दुसरे महायुद्ध जवळ आले तसे कारखान्याचे काम बदलले. नवी विमाने बांधणे थांबले आणि मोडलेली, गोळ्या लागलेली, झिजलेली विमाने दुरुस्त करण्याचे मोठे केंद्र तिथे झाले. आराखडे काढणाऱ्या माणसाला तिथे विशेष काम उरले नाही. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळुरातच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटग्यांकडे आली. पुढे देशाच्या विमान उद्योगाला आणि संशोधन संस्थांना मिळालेले कितीतरी अभियंते याच विभागातून शिकून गेले.

दुरुस्तीची ती वर्षे कारखान्याच्या मात्र कामी आली. मोडलेले विमान उघडले की ते कुठे थकते, कुठे गंजते, कोणता सांधा आधी हार मानतो, हे हातांना कळते. शवविच्छेदनातून वैद्यक शिकावे तसेच ते शिक्षण असते.

इथे धातूविषयी थोडे सांगायला हवे. नुसते ॲल्युमिनियम मऊ असते. पातेल्याला पोचा पडतो, तो त्यामुळेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाला एक अनपेक्षित गोष्ट आढळली. ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून ते तापवले आणि एकदम थंड केले, तर सुरुवातीला ते मऊच राहते. पण नुसते ठेवून दिले, की काही दिवसांत आपोआप कठीण होत जाते. हे ड्युरॅल्युमिन. वजन ॲल्युमिनियमएवढे आणि बळ सौम्य पोलादाच्या जवळपास. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. विमानाच्या पत्र्याच्या बाबतीत ते नाव खरोखरच शोभते.

या गुणाचा एक गमतीदार परिणाम कारखान्यात दिसतो. याच मिश्रधातूचे काही रिव्हेट तापवून थंड केल्यावर लगेच ठोकावे लागतात. उशीर झाला तर ते कडक होतात आणि ठोकताना चिरतात. म्हणून ते बर्फासारख्या थंड पेटीत ठेवतात. थंडीत कडक होण्याची क्रिया मंदावते. पेटीतून काढले, की ठरलेल्या वेळात बसवायचे. ग्रामीण रुग्णालयातली लस जशी शीतपेटीतून निघते आणि वेळेत टोचावी लागते, तशीच शिस्त इथे लागते. बसवलेला रिव्हेट मग जागेवरच हळूहळू पक्का होतो.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, घाटगे कारखान्यात मुख्य आराखडाकार म्हणून परतले. हवाई दलाची नवी पोरे तेव्हा टायगर मॉथवर शिकत होती. ते दोन मजली पंखांचे, लाकूड आणि कापडाचे इंग्रजी विमान होते. आपल्या उन्हापावसात लाकूड फुगते, सरसाचे सांधे सुटतात, कापड कुजते. त्याच्या जागी धातूचे, एकाच पंखाचे, पुढेमागे दोन आसने असलेले विमान हवे होते.

पतंगात कामट्या भार घेतात आणि कागद फक्त वारा अडवतो. कापडाचे विमान तसेच. धातूच्या विमानात पत्रा स्वतःच भार घेतो. खेकड्याचे कवच जसे त्याचे कातडे आणि हाड दोन्ही असते, तसे. त्यामुळे विमान हलके होते, पण आखणे अवघड होते. प्रत्येक भोकाभोवती, प्रत्येक कोपऱ्यात किती ताण येईल, हे आधी कागदावर काढावे लागते. घाटग्यांच्या चमूकडे संगणक नव्हते. मोजपट्ट्या, आलेख आणि हाताने केलेली गणिते यांवर हे काम झाले.

ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ बंगळुरातून पहिल्यांदा आकाशात गेले. चालवत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. पंखांचा पसारा पावणेअकरा मीटरच्या आसपास आणि माणसे, इंधन धरून वजन सुमारे एक टन. म्हणजे आजच्या साध्या मोटारीएवढे. पहिल्या नमुन्याचे इंजिन १४५ अश्वशक्तीचे होते आणि ते परदेशीच होते. पण सांगाडा, पत्रा, पंखाचा आकार आणि त्यामागचे गणित इथले होते. पुढे अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. आफ्रिकेतल्या घानाच्या हवाई दलानेही ती घेतली.

या यशाला एक काळी बाजू होती आणि ती सांगितल्याशिवाय घाटग्यांचे काम नीट समजत नाही. विमानाचा वेग फार कमी झाला आणि नाक वर राहिले, की हवा पंखाला सोडते. एक पंख आधी पडला तर विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागते. एचटी-२ या गिरकीतून बाहेर काढायला अवघड जाते, अशी तक्रार वैमानिकांकडून येऊ लागली. अपघात झाले, जीव गेले. शिकाऊ मुलांच्या मनात या विमानाविषयी धाक बसला.

गिरकीत वैमानिकाचे शरीरही त्याला फसवते. आपल्या आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके फिरले की नलिका फिरतात, द्रव मागे राहतो आणि मेंदूला कळते, की आपण फिरतो आहोत. पण फिरणे एकसारखे वीसेक सेकंद चालले, की द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आपण थांबलो. मग खरोखर थांबले की द्रव पुढे धावतो आणि वाटते, आपण उलटे फिरतो आहोत. फुगडी थांबवल्यावर मुली धडपडतात, त्याचे हेच कारण. वैमानिकाने त्या खोट्या जाणिवेवर विश्वास ठेवला, तर वाचलेले विमान तो स्वतःच पुन्हा गिरकीत घालतो.

घाटग्यांपुढचा प्रश्न म्हणूनच दुहेरी होता. यंत्र तपासायचे आणि माणूसही. चाचणी वैमानिकांनी मुद्दाम उंचावर जाऊन हे विमान पुन्हा पुन्हा गिरकीत घातले. बाहेर येण्याची रीत काटेकोर पाळली, तर विमान बाहेर येते, हे करून दाखवावे लागले. सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला पूर्ण दाबायचे, मग दांडी पुढे ढकलायची आणि घाबरून मध्येच सोडायची नाही. शिकाऊ मुलांना ते अंगवळणी पाडावे लागले. एचटी-२ तीन दशकांहून अधिक काळ शिकवत राहिले. त्या अपघातांची किंमत मात्र ज्या घरांनी मोजली, त्यांच्या दृष्टीने हा हिशेब कधीच पुरा होत नाही.

धातूच्या विमानाचे दुसरे दुखणे थकवा. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तीसदा वाकवली तर तुटते. प्रत्येक उड्डाणात पंख थोडा वर वाकतो, उतरल्यावर खाली येतो. रिव्हेटच्या भोकाच्या कडेला केसाएवढा तडा जातो आणि दर उड्डाणाला वाढतो. १९५४ मध्ये ब्रिटनची कॉमेट ही प्रवासी जेट विमाने हवेतच फुटली. तेव्हा एक पूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून, दाब पुन्हा पुन्हा कमीजास्त करून, हा थकवा सिद्ध करण्यात आला. त्यानंतर तडे शोधणे हा विमानाच्या देखभालीचा मोठा भाग झाला.

लहान विमानाचा पत्रा दुरुस्त करण्याची पद्धत वैद्यकासारखीच आहे. आधी तडा कुठे संपतो ते भिंगातून शोधायचे. त्याच्या टोकाला एक छोटे गोल भोक पाडायचे. हे ऐकायला विचित्र वाटते. पण तड्याच्या टोकदार टोकाशी ताण एकवटतो आणि गोल भोकाच्या कडेवर तो पसरतो, म्हणून तडा पुढे सरकत नाही. खराब भाग कापून कडा गोल करायच्या. त्याच जातीचा, तेवढ्याच किंवा किंचित जास्त जाडीचा पत्रा ठिगळ म्हणून लावायचा. सांध्याला जेवढे रिव्हेट लागतात, तेवढेच. कमी लावले तर सांधा सुटतो, दाटीवाटीने लावले तर भोकांनी पत्राच कमजोर होतो. गंज वरून खरवडून रंग फासला, तर तो आतून वाढतच राहतो.

ठोकणाऱ्याच्या शरीराकडेही पाहायला हवे. रोज रिव्हेट ठोकणाऱ्याच्या कानांवर आवाजाचा मारा होतो आणि ऐकू येणे हळूहळू कमी होते. ते परत येत नाही. थरथरणारे हत्यार वर्षानुवर्षे धरून बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, गारठ्यात बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. हे विमानाच्या कारखान्यातच घडते असे नाही. पत्र्याच्या पेट्या बनवणारा, दगड फोडणारा, ड्रिल चालवणारा, सर्वांनाच हा धोका आहे. कानात बोळे, हातात जाड मोजे आणि मधूनमधून विश्रांती, एवढ्याने बरेच टळते.

घाटगे धातूच्या हट्टात अडकले नाहीत, हे विशेष. फ्लाइंग क्लबांसाठी १९५८ मध्ये पुष्पक हे दोन आसनांचे विमान उडाले, तेव्हा त्याच्या अंगावर पुन्हा कापड होते. लहान गावच्या क्लबाकडे पत्रा वाकवण्याची यंत्रे आणि थंड पेट्या नसतात. कापड फाटले तर शिवता येते, ठिगळ चिकटवता येते. दुरुस्त कोण करणार आणि कुठे, याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा, असे त्यातून दिसते. पुष्पकवरून पुढे कृषक हे टेहळणीचे विमान आले. मग किरण हे जेट शिकाऊ विमान आले. त्याचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. या दोन्हींमागे घाटगे होते. मधल्या काळात प्रसिद्ध जर्मन आराखडाकार कुर्ट टांक बंगळुरात येऊन मारुत हे लढाऊ विमान आखत होते.

१९६५ मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली. १९६७ मध्ये ते निवृत्त झाले आणि ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय वैमानिकी संस्था त्यांच्या नावाने पुरस्कार देते. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना मात्र त्यांचे नाव फारसे माहीत नसते.

शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवर वाढलेल्या दारव्ह्याला विमान आजही दूरची गोष्ट वाटते. हसूरचंपूलाही १९०८ मध्ये ती तशीच वाटत असणार. तिथल्या मुलाने हवेचे गणित शिकून घेतले, पत्र्याचा स्वभाव ओळखला आणि आपण आखलेल्या यंत्रात दोष निघाला तेव्हा ते पुन्हा हवेत नेऊन तपासू दिले. पातेल्याची कडी बसवून झाल्यावर कारागीर ती दोनदा ओढून बघतो, मगच गिऱ्हाइकाच्या हाती देतो. विमान असो की औषध, ही सवय सुटता कामा नये.