हबलने राखून ठेवलेली जागा

डिग्री एका विषयाची आणि मन भलत्याच विषयात, अशी तुमची अवस्था असेल तर एडविन हबल तुम्हाला जवळचा वाटेल. हो, अवकाशातल्या त्या प्रसिद्ध दुर्बिणीला ज्याचं नाव दिलंय, तोच हबल.

त्याचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला. अभ्यासात हुशार, उंच उडीत आणि बास्केटबॉलमध्येही पुढे. ओढा आकाशाकडे होता, पण वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता. त्यामुळे १९१० मध्ये ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळवून हबल ऑक्सफर्डला गेला तो कायदा शिकायला! १९१३ मध्ये वडील गेले. घरी परतून त्याने वर्षभर शाळेत शिकवलं आणि मग थेट यर्किस वेधशाळा गाठली. वयाच्या चोविशीत पुन्हा विद्यार्थी. १९१७ मध्ये पीएचडी, मग सैन्यात नोकरी आणि १९१९ पासून कॅलिफोर्नियातली माउंट विल्सन वेधशाळा. तिथे त्या काळातली जगातली सर्वांत मोठी, १०० इंची दुर्बीण होती.

तेव्हा मोठा वाद असा होता, की आकाशात दिसणारे धुरकट ठिपके आपल्या आकाशगंगेतच आहेत की बाहेर? ऑक्टोबर १९२३ मध्ये हबलला देवयानीच्या ठिपक्यात एक तेज बदलणारा तारा सापडला. अशा ताऱ्यांवरून अंतर मोजण्याची किल्ली हेन्रिएटा लेविट या संशोधिकेने आधीच देऊन ठेवली होती. हबलने हिशेब केला आणि उत्तर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आज आपण ते २५ लाख मानतो. म्हणजे आकडा चुकला, पण निष्कर्ष बरोबर निघाला. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळीच दीर्घिका होती. हिवाळ्यात अमावास्येच्या सुमारास शिवऱ्याच्या हायवेचे दिवे मागे टाकून वेल्ह्याकडे आत जा. संध्याकाळी डोक्यावर, जरा उत्तरेला, तो पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी शोधता येतो.

१९२९ मध्ये दूरच्या दीर्घिका अधिक वेगाने दूर जातात, हे त्याने दाखवलं. त्यात व्हेस्टो स्लायफरने आधी मोजलेले वेग कामी आले होते. पुढे त्याला साथ मिळाली ती एके काळी डोंगरावर खेचरं हाकणाऱ्या मिल्टन ह्युमसनची. हे सगळं पुस्तकात असतंच. आपल्याला बघायचंय ते त्याचं दुसरं काम, दीर्घिकांची वर्गवारी.

शाळेतला नादकाटा आठवतोय? हबलची आकृती तशीच आहे. दांड्यावर गोल ते चपट्या होत जाणाऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका आणि दोन फाट्यांवर सर्पिल दीर्घिका. अडचण होती ती दांडा आणि फाटे जुळतात तिथे. चपट्या गोळ्यापासून एकदम सर्पिल भुजा? मधलं काहीच नाही? १९३६ च्या पुस्तकात हबलने तिथे एक प्रकार मांडला, ‘एस-झीरो’. हातात भक्कम पुरावा नव्हता, म्हणून तो बराचसा काल्पनिक आहे हेही त्याने सांगून टाकलं.

याच त्या भिंगाकार दीर्घिका. अख्खा मसूर हातात घ्या. मध्ये फुगीर, कडेला पातळ. ‘लेन्स’ हा शब्दही मसुराच्या लॅटिन नावावरूनच आला. अशा दीर्घिकेत मध्ये जुन्या ताऱ्यांचा फुगवटा असतो, भोवती ताऱ्यांची तबकडी असते, पण सर्पिल भुजा नसतात. नवे तारे घडायला लागणारा थंड वायू फार थोडा उरलेला असतो. गंमत म्हणजे हबलने सर्वांत चपट्या लंबवर्तुळाकार प्रकाराचा नमुना म्हणून दिलेली एनजीसी ३११५ ही दीर्घिका पुढे याच गटातली ठरली. तो जिची जागा राखत होता ती त्याच्याच आकृतीत, शेजारच्या खुर्चीवर बसली होती!

वर्गवारी सुधारायचं काम चालू असतानाच २८ सप्टेंबर १९५३ ला हबल गेला. त्याच्या फोटोप्लेट आणि टिपणांवरून ॲलन सँडेजने १९६१ मध्ये दीर्घिकांचा ॲटलास पूर्ण केला. त्यात एस-झीरो हा खराखुरा प्रकार म्हणून आला.

पण या दीर्घिका तयार कशा होतात? सर्पिल दीर्घिकेचा वायू संपून, की दीर्घिकांच्या धडकेतून? यावर पुण्यातही काम झालंय. आयुकाचे डॉ. अजित केंभावी आणि सहकाऱ्यांना तेजस्वी आणि मंद भिंगाकार दीर्घिकांची रचना वेगवेगळी आढळली. म्हणजे दोघींची जन्मकथा बहुधा एक नाही. हबलच्या त्या एका खुर्चीवर दोन पाहुणे बसलेत म्हणा ना!

उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही, आणि आयुका शिवऱ्याहून फार लांब नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडतात. डिग्री कुठलीही असो, जाऊन या. चोविशीत सुरुवात केली तरी उशीर होत नाही, हे हबलने दाखवलंय.