औंधच्या राजाची लोकशाही

एका देशातील लोकशाही दुसऱ्या देशात नेऊन रुजवता येते काय? आपल्या कळव्यात सातारा-सांगलीकडची अनेक कुटुंबे येऊन वसली आहेत. त्यांच्याच मुलखातील औंध संस्थानात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांची ख्याती झाली. परंतु त्यांचे खरे मोठेपण १९३९ साली दिसले. त्या वर्षी त्यांनी घटना देऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. ऑक्सफर्डला शिकून आलेले चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी त्यासाठी खटपट केली. मार्गदर्शन महात्मा गांधींचे होते. घटनेचा पाया मात्र गावची पंचायत हाच ठेवला होता.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये बाळासाहेब निवर्तले.

इंग्रजांनी आपल्याला लोकशाहीचे धडे दिले, पण सत्ता राखून ठेवली. बाळासाहेबांनी ती सोडली. लोकशाहीचा विचार परदेशातून येऊ शकतो. सत्ता सोडणारा हात आणि ती सांभाळणारी चावडी मात्र आपलीच असावी लागते.