प्रयोगवहीची शिस्त जपणारा अर्थमंत्री

शाळेच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती परीक्षानळीच्या आधी प्रयोगवही येते. तिच्या पानावर तीन रकाने असतात : कृती, निरीक्षण आणि अनुमान. हा क्रम मोडायचा नाही, हा रसायनशास्त्राचा पहिला धडा. क्षार पाण्यात विरघळला का, निळा लिटमस तांबडा झाला का, ज्योतीला कोणता रंग आला, हे पाहून आधी लिहायचे. तो क्षार कोणता, हे त्यानंतर. उत्तर आधीच ठरवून निरीक्षणे त्याला जुळवून घेणाऱ्याला कदाचित गुण मिळतील, पण शास्त्र साधणार नाही.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या आयुष्याकडे पाहताना हे तीन रकाने हटकून आठवतात. त्यांची ओळख अर्थतज्ज्ञ आणि संस्कृतचे व्यासंगी अशी आहे. मात्र केंब्रिजमध्ये त्यांनी ज्या परीक्षेसाठी अभ्यास केला, ती ना अर्थशास्त्राची होती ना संस्कृतची. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या, रायगडाच्या वाटेवरील नाते या गावी झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते. चिंतामणरावांचे बालपण रोह्यात गेले. एका बाजूला सह्याद्रीचा काळा पाषाण, दुसऱ्या बाजूला तांबडा जांभा आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या नद्या, असा हा मुलूख. दगड, माती आणि झाडे यांच्याशी ओळख व्हायला इथे पुस्तक उघडावे लागत नाही.

१९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ शिकून १९१५ मध्ये ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. संस्कृतात अग्रस्थानी असलेल्या मुलाने तिथे निसर्गविज्ञानाची वाट धरली, हे आजही नवलाचे वाटते.

तो काळ पहिल्या महायुद्धाचा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा मारा केला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तापवून तयार होणारा हाच पिवळसर हिरवा वायू पिण्याचे पाणी जंतुविरहित करतो आणि रणभूमीवर माणसांचा जीवही घेतो. ज्ञान कोणाच्या हाती आहे आणि ते कशासाठी वापरले जात आहे, हा प्रश्न त्या पिढीतील विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर उभा होता.

१९१७ मध्ये देशमुखांनी निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा पूर्ण केली आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. या परीक्षेत लेखी उत्तरपत्रिकांइतकेच प्रयोगशाळेतील कामालाही महत्त्व असे. नेमके वजन करणे, द्रावण थेंबाथेंबाने मोजणे आणि चुकलेला प्रयोग पुन्हा करणे याला तिथे पर्याय नव्हता. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. परीक्षानळी सुटली आणि हाती सरकारी फायली आल्या.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांची दीर्घ सेवा झाली. १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेशी त्यांचा संबंध आला आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते तिचे गव्हर्नर झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे महागाई भडकली होती, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. अशा काळात चलनाची धुरा त्यांच्याकडे आली. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात ते होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया त्या परिषदेत घातला गेला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये, रिझर्व्ह बँकेत संशोधन आणि सांख्यिकी विभाग उभा राहिला. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही गव्हर्नरपदी तेच होते.

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. देशातील कुटुंबे काय खातात, किती खर्च करतात, याची विश्वासार्ह माहिती तोवर सरकारकडे नव्हती. ती गोळा करण्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम १९५० मध्येच सुरू झाले. प्रशांतचंद्र महालनोबीस तिचे शिल्पकार, तर त्यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष देशमुख होते. योजना आखण्याआधी मोजणी हवी, हा आग्रह म्हणजे प्रयोगवहीतील दुसऱ्या रकान्याचेच मोठे रूप. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते त्यांच्याच काळात.

पण मराठी मनात देशमुख कायमचे कोरले गेले ते पद सोडल्यामुळे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय १९५६ मध्ये झाला. मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता तो जाहीर झाला, हा त्यांचा आक्षेप होता. मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबारांची चौकशी व्हावी, ही मागणीही मान्य झाली नव्हती. निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवून अनुमान लिहिले जात होते. त्यावर सही करून पद राखणे शक्य होते. त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्याची कारणे मांडली. चार वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला.

राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. या खुर्चीवर सर्वप्रथम बसले होते नामवंत रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर. १९६१ पर्यंतच्या देशमुखांच्या कारकिर्दीत विद्यापीठांतील प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि अध्यापकांची वेतने यांकडे आयोगाचा पैसा वळला. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५८ मध्ये गागोद्याच्या विनोबा भावे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९५९ मध्ये नात्याच्या देशमुखांना. लागोपाठ दोन वर्षे एकाच जिल्ह्याच्या सुपुत्रांना हा मान मिळाला!

संस्कृत आणि बागकाम यांची आवड त्यांनी अखेरपर्यंत जोपासली. मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताब मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

आज महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने उभे आहेत. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या अनेक मुलांना रसायनशास्त्र म्हणजे नोकरीचा रस्ता वाटतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल सावकाश घालावे, हे शिकताना ती मुले आणखीही काही शिकत असतात. समोर दिसले तेच लिहायचे, मग ते आपल्याला अडचणीचे का असेना. नाते गावच्या देशमुखांनी ही शिस्त देशाच्या सर्वोच्च पदांवर पाळली आणि वेळ आली तेव्हा तिची किंमतही मोजली.