बाईच्या कोठडीची किल्ली

मैत्रिणींनो, बायकांचा तुरुंग पुरुषांपासून वेगळा केला की झालं, असं आपल्याला वाटतं ना? मलाही वाटायचं. मग एलिझाबेथ फ्रायबद्दल वाचलं.

ही इंग्लंडमधल्या नॉर्विचची, जन्म १७८० चा. माहेर श्रीमंत, क्वेकर पंथाचं. १८१३ मध्ये ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा गेली, तान्ह्या मुलांसाठी कपडे घेऊन. तिथे बायकांचा विभाग वेगळाच होता! पण आत सुमारे तीनशे बायका-मुलं कोंबलेली. फाशीची वाट पाहणारी आणि अजून खटलाही न चाललेली, दोघी शेजारी शेजारी. स्वयंपाक, धुणं, झोपणं सगळं तिथेच. पहारेकरी पुरुष, आणि तेसुद्धा एकटे आत जायला घाबरायचे. म्हणजे भिंत होती, पण भिंतीआडच्या बायकांचं वाली कुणी नव्हतं.

मधली वर्षं बाळंतपणांत आणि एका लेकीच्या मृत्यूच्या दुःखात गेली. (अकरा मुलं झाली तिला!) १८१७ मध्ये मात्र तिने पदर खोचला. आधी आतल्या मुलांसाठी शाळा. शिक्षिका कैद्यांपैकीच एक. मग मोठ्या बायकाही शिकवा म्हणू लागल्या. शिवण आलं, विणकाम आलं, देखरेखीला एक बाई नेमली गेली. मला सगळ्यात आवडलं ते हे, की प्रत्येक नियम आधी वाचून दाखवला आणि बायकांनी हात वर करून होकार दिला. एरवी त्यांना कोण विचारत होतं?

१८१८ मध्ये तिने संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. १८२३ मध्ये कायदा झाला. स्त्री कैद्यांवर पहारा स्त्रियांचाच. पुरुष अधिकाऱ्याने त्यांच्या भागात जायचं तर बाई कर्मचारी सोबत हवी. कागदावर छान! पण बऱ्याच छोट्या तुरुंगांना तो लागूच नव्हता, आणि तपासणीला सरकारी निरीक्षक यायला १८३५ उजाडलं.

इकडे लोक म्हणत, हिने घर वाऱ्यावर सोडलंय. (समाजकार्य करणाऱ्या कुठल्या बाईला हे चुकलंय?) १८२८ मध्ये नवऱ्याची बँक बुडाली, मोठं घर सोडावं लागलं, तेव्हा तर बोलणाऱ्यांचं फावलंच. तिच्या तुरुंगाच्या फेऱ्या पुढेही चालूच राहिल्या. १८४५ मध्ये ती गेली.